मेश की केबलवरचा ॲक्सेस पॉइंट? आतल्या बेडरूमचा प्रश्न

फायबरची तार मुख्य दरवाजाजवळून आत येते, ओएनटीचा (फायबरवरून घरात इंटरनेट देणारा) डबा तिथेच टीव्ही युनिटमध्ये बसतो आणि आतल्या बेडरूममध्ये वायफाय रडायला लागतं. वाटेत आरसीसी कॉलम, टाइल्स लावलेलं बाथरूम आणि आरशाचं लोखंडी कपाट असलं की ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल तिथे संपलाच म्हणून समजा. जास्त अँटेनांचा महाग राउटर आणूनही फारसा फरक पडत नाही. राउटरचा सिग्नल फोनपर्यंत पोचला, तरी फोनच्या छोट्या ट्रान्समीटरचा सिग्नल त्याच भिंतींतून परत यायचा असतो, आणि राउटर बदलल्याने फोन काही बदलत नाही. तेव्हा आत दुसरा डबा लागणारच. तो मुख्य युनिटशी हवेतूनच बोलणाऱ्या बिनतारी मेशचा असावा, की केबलने जोडलेला, वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट, एवढंच ठरवायचं उरतं.

मेशची सोय मान्य करायला हवी. तोडफोड नाही, इलेक्ट्रिशियन नाही, ॲपवर अर्ध्या तासात काम होतं. घर भाड्याचं असेल आणि मालक भिंतीला खिळाही मारू देत नसेल, तर बिनधास्त मेश घ्या. मात्र दोन पथ्यं पाळा. सॅटेलाइट, म्हणजे मेशचा आतला डबा, त्या मेलेल्या खोलीत ठेवू नका. ओएनटी आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे फोनवर ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल निदान −६५ डीबीएम दिसतो (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार), तिथे ठेवा. वायफाय ॲनालायझरचं कुठलंही ॲप हा आकडा दाखवतं. दुसरं म्हणजे, साध्या ड्युअल-बँड संचात सॅटेलाइट एकाच ५ गिगाहर्ट्‌झ रेडिओवर मुख्य युनिटशीही बोलतो आणि तुमच्या फोनशीही, त्यामुळे त्याच्याकडे वेग साधारण निम्मा मिळतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर हे जाणवणारही नाही. ३००च्या पुढे जाणवतं, आणि मग मुख्य युनिटशी बोलायला वेगळा रेडिओ असलेल्या ट्राय-बँड संचाचे पैसे मोजावे लागतात.

वेगासाठी मी मेश नाकारला नसता. माझा निर्णय झाला तो लाईटमुळे.

आपल्याकडे लाईट तासभर जाते त्यापेक्षा ती क्षणभर लपकते तेव्हा जास्त त्रास होतो. ओएनटीला आपण १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावलेला असतो, तो चालूच राहतो. सॅटेलाइट मात्र पॅसेजमधल्या साध्या प्लगवर. तो बंद पडतो, पुन्हा बूट होतो, मुख्य युनिट शोधतो, जोडला जातो. यात दोन-तीन मिनिटं सहज जातात. मुख्य युनिटही त्याच वेळी रीस्टार्ट झालं असेल आणि ते ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर असेल, तर हवामान किंवा विमानतळाचं रडार त्या चॅनलवर नाही ना, हे तपासायला निदान ६० सेकंद थांबावंच लागतं, नियमच तसा आहे. बऱ्याच मेश संचांत चॅनल हाताने निवडायची सोय नसते, म्हणजे हे टाळणंही आपल्या हातात राहत नाही. तेवढ्यात फोन हॉलमधल्या युनिटचा अशक्त सिग्नल धरून बसतो आणि सॅटेलाइट परत आला तरी तो लगेच सोडत नाही. मीटिंगमधला आवाज तुटत राहतो, शेवटी वायफाय बंद करून चालू करावं लागतं. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा हे झालं की वैताग येतो.

सॅटेलाइटलाही वेगळा मिनी यूपीएस लावता येतो, नाही असं नाही. पण मग दोन बॅटऱ्या सांभाळायच्या, आणि कुठली कधी म्हातारी झाली ते लाईट गेल्यावरच कळतं.

केबलचा खरा फायदा इथे आहे. कॅट-६ केबलमधून डेटाबरोबर वीजही नेता येते. यालाच पीओई म्हणतात. ओएनटीशेजारी केबलमध्ये वीज सोडणारा पीओई इंजेक्टर ठेवायचा, दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावायचे आणि बेडरूमबाहेर छताला पीओईवर चालणारा ॲक्सेस पॉइंट बसवायचा. आत वेगळा प्लग लागतच नाही, सगळं नेटवर्क एकाच बॅकअपवर चालतं. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असेल तर तो चालू ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होऊ शकतो. पॅकेटवर ८०२.३एएफ हे पीओईचं मानक आहे की २४ व्होल्टचा पॅसिव्ह पीओई, ते बघून जुळणाराच इंजेक्टर घ्या. पॅसिव्ह इंजेक्टर समोर कोण आहे हे न तपासता वीज सोडतो, चुकीचं उपकरण जोडलं तर ते जळू शकतं.

घरात जुना गिगाबिट राउटर पडून असेल तर तोही चालेल. त्याच्याकडे पीओई नसतो, म्हणून शेवटच्या टोकाला केबलमधली वीज वेगळी काढून १२ व्होल्ट देणारा स्प्लिटर लावा. तो गिगाबिटच घ्या. स्वस्तातले बरेचसे १०० एमबीपीएसवर अडतात.

केबल ओढणं वाटतं तितकं अवघड नाही. केबल टीव्हीची जुनी वायर ज्या कन्सील्ड पाइपातून गेली आहे, तिलाच कॅट-६ घट्ट बांधून दुसऱ्या टोकाने ओढायची. लाईटच्या वायरींच्या पाइपात घालू नका. तिथे २३० व्होल्ट असतात. पाइप बंद असेल तर दरवाजाच्या चौकटीवरून पीव्हीसी पट्टी न्या. केबल पूर्ण तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो, आणि पीओईत नेमका तोच नडतो.

क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, दोन्ही टोकांना सारखं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडल्यावर लिंक १०००ऐवजी १०० दाखवत असेल, तर बहुधा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसलेली नाही. टोक कापून पुन्हा क्रिम्प करा.

सेटिंग थोडक्यात. ओएनटीचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो. जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल वॅन म्हणजे इंटरनेटच्या पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. हे चुकलं तर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि हॉलमधला प्रिंटर बेडरूममधल्या लॅपटॉपला दिसत नाही. मेशलाही हेच लागू: ओएनटी राउटिंग करतोच आहे, तेव्हा मेश ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका आणि ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा.

केबलवाल्या रचनेत ओएनटीचं वायफाय चालू ठेवायचं. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत एकच, चॅनल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्‌झवर एकीकडे १ आणि दुसरीकडे ११, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ; ५ गिगाहर्ट्‌झवर एकीकडे ३६ आणि दुसरीकडे १४९. या दोन्ही चॅनलांवर रडारची वाट बघावी लागत नाही.

हॉलमधून बेडरूममध्ये जाताना फोन डबा बदलण्यात मेश थोडा सरस वाटतो, हे खरं. पण निर्णय शेवटी फोनच घेतो. आयफोन सिग्नल −७० डीबीएमच्या खाली गेल्यावरच दुसरा ॲक्सेस पॉइंट शोधायला लागतो. म्हणून दोन्ही डब्यांची ट्रान्समिट पॉवर मध्यमवर आणा. फुल ठेवली तर फोन हॉलचाच सिग्नल धरून राहील.