फ्रिजचा ‘गॅस गेला’ म्हणून पैसे घेतले, गॅस मात्र जागेवरच होता

फ्रिज बघायला आलेला माणूस ‘गॅस संपलाय’ म्हणाला, तर पैसे काढण्याआधी त्याला एकच विचारा : गळती कुठे आहे, ती दाखव. आमच्या सासूबाईंकडून याच एका वाक्यावर ४,४५० रुपये उकळले गेले. दुसऱ्या कोणाच्या घरी हे होऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही डोंबिवलीत राहतो. फ्रिज दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री (म्हणजे आतला बर्फ अधूनमधून आपोआप वितळवणारा), वॉरंटी संपलेला. मे महिन्यात भाजीच्या ट्रेखाली पाणी साचायला लागलं आणि खालच्या कप्प्यात ठेवलेलं दूध नासायला लागलं. वर फ्रीजरमध्ये बर्फ मात्र व्यवस्थित धरत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे महत्त्वाची आहे.

मी ऑफिसात होते. आईंनी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईने कंपनीचंच नाव घेतलं, तक्रार क्रमांकसुद्धा दिला. दुपारी माणूस हजर. गळ्यात ओळखपत्र, शर्टावर कंपनीचं नाव. कोणालाही खराच वाटला असता.

त्याने फ्रिज पुढे ओढला आणि आईंना म्हणाला, “आजी, कॉम्प्रेसरला हात लावून बघा, किती तापलाय. गॅस लीक झालाय, त्याचंच पाणी खाली साचतंय. असाच चालवलात तर कॉम्प्रेसर जळेल, मग बारा हजार जातील.” मग गॅसचा वास बाधेल म्हणून आईंना हॉलमध्ये बसायला सांगितलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आला तो पावती घेऊनच. गॅस ३,२००, केमिकल सर्व्हिस ९००, व्हिजिट ३५०. पैसे एका खासगी यूपीआय नंबरवर घेतले. पावतीवर ना पत्ता ना जीएसटी क्रमांक, नुसतं पेनाने लिहिलेलं ‘सहा महिने वॉरंटी’. जाताना बजावून गेला की गॅस सेट व्हायला हवा, उद्या सकाळपर्यंत फ्रिज चालू करू नका.

सकाळी फ्रिज लावला, तर झकास थंड. चार-दोन दिवसांत पुन्हा पाणी, पुन्हा कोमट दूध. वॉरंटीसाठी त्या नंबरवर फोन केला, तर आधी ‘माणूस पाठवतो’, नंतर फोन कट.

मग स्टेशनजवळच्या जुन्या दुरुस्तीच्या दुकानातून मेकॅनिक काकांना बोलावलं. त्यांनी मागे टॉर्च मारला आणि कॉम्प्रेसरमधून निघालेली एक आखूड नळी दाखवली. तिचं टोक चिमटून बंद केलेलं, वर कारखान्यातला काळा रंग तसाच आणि त्यावर वर्षानुवर्षांची धूळ. “ताई, गॅस भरायचा तर ही नळी कापावी लागते, भरून झाल्यावर पुन्हा सील करावी लागते. हिला कुणी हातही लावलेला नाही. आणि गॅस गेला असता, तर वर बर्फ कसा धरला असता?”

त्यांनी फ्रीजरच्या आतलं मागचं झाकण उघडलं. थंडावा देणारी नळ्यांची कॉइल दिसतच नव्हती, पांढऱ्या बर्फाचा ठोकळाच होता. त्याखालचं पाणी वाहून जायचं भोक गाळाने आणि बर्फाने बुजलेलं. त्यामुळे वितळलेलं पाणी खाली झिरपत होतं आणि थंड हवेची वाट अडली होती. रात्रभर फ्रिज बंद ठेवायला सांगण्यामागचं कारण तेव्हा कळलं : तेवढ्या वेळात बर्फ वितळतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. काकांनी कोमट पाणी हळूहळू सोडून भोक मोकळं केलं, ६०० रुपये घेतले. फ्रिज तेव्हापासून नीट चालतो आहे.

या लोकांचं फावतं ते गॅस कुणाला दिसत नाही म्हणून. फ्रिजचा गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, आणि ती न बुजवता गॅस भरणं म्हणजे पैसे पाण्यात. गळला तरी तो हवेत जातो, त्याचं पाणी होत नाही. चालू कॉम्प्रेसर तर गरम लागतोच. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा आहे. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे फ्रिजवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तो भरताना आधी पंपाने नळ्यांतली हवा काढावी लागते आणि मग काट्यावर तोलून गॅस सोडावा लागतो. पंप आणि काटा न आणता कोणी गॅस भरून दिला म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

बर्फ साचला म्हणून सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू मात्र नका. नळीला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल, आणि तोही पेटणारा. प्लग काढा, दार उघडं ठेवा, आपोआप वितळू द्या. आतून पुसायला कोमट पाण्यात थोडा खायचा सोडा पुरतो. दाराच्या रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ करा. दारात नोट धरून दार लावल्यावर ती सहज सुटून आली, तर रबर सैल झालंय. कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमधलं पाणी ओतून टाकत जा, त्यात डेंग्यूच्या डासांची अंडी असू शकतात.

पैशांची तक्रार मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर केली आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तो खोटा नंबर आजही शोधल्यावर कंपनीच्या नावाखाली वरच दिसतो. तेव्हा फोन लावायचा तो खरेदीच्या बिलावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचाच, आणि घरी ज्येष्ठ मंडळी एकटी असतील तर हा खरा नंबर आजच त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.