पहिला पेपर पाठवताना: सिंगल ब्लाइंड, डबल ब्लाइंड की ओपन रिव्ह्यू?

थीसिस जमा झाला की मेडिकल पीजीचे विद्यार्थी विचारायला येतात, मग ते कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातले असोत की कसबा बावड्याच्या कॉलेजातले: "सर, पेपर कुठं पाठवू?" तोवर त्यांनी इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो तो आकडा) आणि फी एवढंच पाहिलेलं असतं. मी त्यांना आणखी एक गोष्ट बघायला सांगतो. त्या जर्नलात पेपर तपासतात कसा, म्हणजे रिव्ह्यूची पद्धत कोणती? पहिल्या पेपरला तर माझ्या मते सगळ्यात आधी हेच बघावं.

समजा पेपर असा आहे: ऊसतोडणीच्या हंगामात आलेले सर्पदंशाचे रुग्ण, शाहूवाडी-राधानगरीकडून दवाखान्यात पोचायला त्यांना लागलेला वेळ, आणि त्याचा किडनीवर झालेला परिणाम.

सुरुवातीचा रस्ता बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पेपर आधी एडिटरकडे जातो आणि मोठ्या जर्नलांत बरेचसे पेपर तिथूनच परत येतात. पुढे गेलेला पेपर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडे, जातो, गरज पडली तर स्टॅटिस्टिशियनकडेही. ही मंडळी बहुधा एक पैसाही न घेता, ओपीडी आणि लेक्चर सांभाळून हे काम करतात, म्हणून महिने लागतात. शिफारस त्यांची असते, निर्णय एडिटरचा. पद्धती वेगळ्या होतात त्या कोणाला कोणाचं नाव दिसतं यावर.

सिंगल ब्लाइंडमध्ये रिव्ह्यूअरला तुमचं नाव आणि कॉलेज दिसतं, तुम्हाला त्याचं दिसत नाही. लॅन्सेट आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन याच पद्धतीने चालतात. लेखकाचं आधीचं काम आणि हितसंबंध रिव्ह्यूअरला तपासता येतात, हा याचा खरा फायदा. पण नावाचं वजन पडतं. २०२२ मध्ये पीएनएएस या अमेरिकेच्या विज्ञान-जर्नलात एक प्रयोग छापून आला. एकच पेपर शेकडो रिव्ह्यूअरना पाठवला होता: काहींना नोबेलविजेत्या लेखकाचं नाव दाखवून, काहींना त्याच्या नवख्या सहलेखकाचं, काहींना नावाशिवाय. नोबेलविजेत्याचं नाव पाहणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांनी पेपर नाकारा म्हणून सांगितलं. नाव नसताना हेच प्रमाण ४८ टक्के होतं आणि नवख्याचं नाव असताना ६५ टक्के. पेपर वित्तशास्त्राचा होता, वैद्यकाचा नव्हे. पण रिव्ह्यूअर शेवटी माणूसच. कोल्हापुरातून पहिल्यांदा पेपर पाठवणाऱ्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

डबल ब्लाइंडमध्ये दोन्हीकडची नावं झाकलेली असतात. भारतातली बरीच जर्नलं ही पद्धत वापरतात. तरी 'लेखकांसाठी सूचना' उघडून खात्री करून घ्या. इथे झाकण्याचं अर्धं काम तुम्हालाच करायचं असतं आणि तिथेच घाई होते. टायटल पेज वेगळ्या फाइलमध्ये जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुख्य फाइलमध्ये मेथड्सखाली "सीपीआर रुग्णालय, कोल्हापूर" राहून जातं. तिथे "पश्चिम महाराष्ट्रातील एक टर्शरी केअर रुग्णालय" असं लिहायचं. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत कॉलेजचं नाव असतं, ते टायटल पेजवर न्यायचं. एक्स-रे किंवा सीटीच्या फोटोच्या कोपऱ्यात हॉस्पिटलचं नाव छापलेलं असतं, कधी रुग्णाचंही. ते कापायचंच, आणि रुग्णाचं नाव तर कुठल्याही पद्धतीत चालत नाही. "आम्ही आधीच्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे" हे वाक्य बदलायचं. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून ज्याच्या लॅपटॉपवर टाइप केलं त्याचं नाव बसलेलं असतं, तेही पुसायचं.

एवढं करूनही ओळख पूर्ण लपेलच असं नाही. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, आणि तो शोधला की मुख्य संशोधकाचं नाव समोर येतं. सर्पदंशावर काम करणारी मंडळीही देशात मोजकीच. ऊसपट्टा म्हटलं की अंदाज बांधता येतो. तरीही 'लेखक कोण असेल' अशी नुसती शंका घेऊन वाचणारा रिव्ह्यूअर आणि नाव बघून आधीच मत बनवलेला रिव्ह्यूअर यांत मला पहिला परवडतो.

ओपन रिव्ह्यूमध्ये दोघांनाही एकमेकांची नावं कळतात. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने १९९९ पासून रिव्ह्यूअरना सही करून लिहायला लावलं आणि २०१४ पासून संशोधनपर पेपरवरचे रिव्ह्यू पेपरसोबत प्रसिद्ध करायला सुरुवात केली. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांची विंचूदंशावरची ट्रायल बीएमजेत २०११ मध्ये आली. प्राझोसिन या औषधाच्या जोडीला अँटिव्हेनम (विषावरचा उतारा) देऊन काय फरक पडतो, हे त्यांनी तपासलं होतं. रिव्ह्यूअर सही करूनच लिहीत होते तेव्हाची ही गोष्ट. प्रश्न भक्कम असेल तर छोट्या गावाचं नाव उघडं असूनही पेपर टिकतो, हे मी पीजींना आवर्जून सांगतो. नाव उघड झाल्याने रिव्ह्यूचा दर्जा सुधारतो का? बीएमजेने ट्रायल करून पाहिली: दर्जात लक्षणीय फरक पडला नाही, पण सही करायची म्हटल्यावर नकार देणारे रिव्ह्यूअर वाढले. आपल्याकडे ज्युनिअरने सिनिअरच्या पेपरवर सहीनिशी टीका करणं किती अवघड आहे, हे वेगळं सांगायला नको.

एफ१०००रिसर्चसारख्या ऑनलाइन प्रकाशनाच्या ठिकाणी क्रमच उलटा असतो. प्राथमिक तपासणी होऊन पेपर आधी ऑनलाइन येतो, मग नावानिशी रिव्ह्यू होतो. रिव्ह्यूअर मिळाले नाहीत तर पेपर 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' म्हणून सगळ्यांसमोर तसाच राहतो, तो पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर) जात नाही, आणि एकदा तिथे आला की दुसऱ्या जर्नलला देताही येत नाही. शिवाय फी आहे. पहिल्या पेपरसाठी मी हे सुचवत नाही.

कुठलीही पद्धत घेतली तरी रिव्ह्यूअर सगळं पकडतो असं समजू नका. बीएमजेच्याच एका अभ्यासात पेपरमध्ये मुद्दाम ९ मोठ्या चुका पेरल्या होत्या. रिव्ह्यूअरना सरासरी तीनही सापडल्या नाहीत. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजार रुग्णांचा पेपर आला आणि जेमतेम दोन आठवड्यांत मागे घेतला गेला. मूळ नोंदी रिव्ह्यूअरनी पाहिलेल्याच नव्हत्या, आणि सहसा त्या कोणी बघत नाही. म्हणून तुमची एक्सेल शीट पाठवण्याआधीच पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या स्टॅटिस्टिशियनसमोर ठेवा.

"४८ तासांत ॲक्सेप्टन्स" असे मेसेज पीजींच्या ग्रुपवर फिरत असतात. तिथे रिव्ह्यू नसतोच, फक्त फीची पावती असते. तेव्हा जर्नल मेडलाइनमध्ये (निवडक वैद्यकीय जर्नलांच्या सूचीत) आहे का, हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये स्वतः बघा. वेबसाइटवरच्या लोगोवर विसंबू नका.

आपल्या सर्पदंशाच्या पेपरसाठी मी डबल ब्लाइंड असलेलं, मेडलाइनमधलं भारतीय जर्नल निवडेन. तिथल्या रिव्ह्यूअरला ऊसतोड मजूर, पीएचसी आणि १०८ म्हणजे काय ते समजावत बसावं लागत नाही, त्यामुळे कमेंट थेट मुद्द्यावर येतात: चावल्यापासूनची वेळ कोणी सांगितली, रुग्णाने की नातेवाइकाने? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती वेळा केलं? डेटा मोठा असेल, गाईडला पेपर लिहिण्याचा सराव असेल आणि फीची सोय असेल, तर बीएमजे ओपन हा चांगला पर्याय आहे. तिथे छापून आलेल्या पेपरसोबत रिव्ह्यूही वाचायला मिळतात. पेपर कुठेही पाठवणार असाल तरी त्यातले चार-पाच आधी वाचून काढा; रिव्ह्यूअर कुठे बोट ठेवतो ते कळतं.

रिजेक्ट झालाच, तर कमेंट बाजूला ठेवून तोच पेपर त्याच रात्री दुसरीकडे अपलोड करू नका. आधी दुरुस्त करा. विषय छोटा असला की दुसरं जर्नलही त्याच रिव्ह्यूअरकडे पेपर पाठवू शकतं, आणि आपली कमेंट वाचूनही काही बदललेलं नाही हे त्याच्या पहिल्या पानावरच लक्षात येतं.