डेप्रॉन की ईपीपी?
फोमचं रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवायचं म्हटलं की हा घोळ होतोच. डेप्रॉन म्हणजे पॉलिस्टायरीनची शीट, बहुतेक ३ किंवा ६ मिमीची, धारदार कटरने मस्त सरळ कापली जाते, एका बाजूने अर्धवट चिरून वाकवली की बिजागरीची लाईन पण तयार, आणि ताठ असल्यामुळे विंगला फारसा आधार लागत नाही. हलकं इनडोअर मॉडेल करायचं तर मी डोळे झाकून ३ मिमी डेप्रॉन घेतो.

पण ते ठिसूळ! नाकावर आपटलं की कटकन तुकडे. आणि साधा सुपरग्लू चुकूनही लावू नका, मी घाईत एकदा लावला तर मोटर बसवायच्या जागेजवळचा फोम डोळ्यादेखत विरघळून खड्डा पडला (फोम-सेफ वेगळा मिळतो, तो घ्या).

ईपीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, रबरासारखं, आपटलं तरी दबतं आणि परत वर येतं, साधा सुपरग्लू पण चालतो, त्यामुळे शिकणाऱ्याने सरळ हेच घ्यावं, कारण सुरुवातीला विमान उडतं कमी आणि पडतं जास्त. फक्त लवचिक असल्याने विंगमध्ये कार्बन रॉड टाकावाच लागतो, नाहीतर जोरात वळवलं की विंग वर वाकते, आणि रॉड टाकला की वजन वाढलंच. सँडपेपरने घासायचं तर नावच नको, गुळगुळीत व्हायचं सोडून दाणे उपटून येतात, त्यापेक्षा गरम तारेने कापलेलं बरं.