कोब्याखाली काय भरायचं: मिक्स खडी, निव्वळ खडी की मुरूम?

कोबा, म्हणजे जमिनीवर ओतलेला काँक्रीटचा थर, टाकायचा ठरला की चर्चा रंगते ती सिमेंटच्या ग्रेडवर आणि जाळी घालायची की नाही यावर. खालच्या थराचा विषय मात्र ‘भराव टाका, पाणी मारा’ एवढ्यात आटोपतो. पुढे कोब्याला तडे गेले किंवा ओल आली, तर कारण बऱ्याचदा त्या खालच्या सहा इंचांच्या थरातच सापडतं.

हा थर दगडासारखा कडक असायलाच हवा असं नाही. 100 मि.मी.चा कोबा वरचं ओझं मोठ्या जागेवर पसरवतो, त्यामुळे खाली पोचणारा दाब कमीच असतो. थर सगळीकडे सारखा बसलेला असणं जास्त महत्त्वाचं. एका कोपऱ्यात खडक आणि शेजारी पोकळ भराव असेल, तर कोबा त्या दोघांच्या हद्दीवर तडकतो. दुसरा प्रश्न पाण्याचा: जमिनीतली ओल हा थर वर ओढतो की खालीच अडवतो? माल निवडताना एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या.

मिक्स खडी म्हणजे 40 मि.मी.पासून कचीपर्यंत (कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा) सगळ्या मापांचा माल एकत्र. रस्त्याच्या कामात याच जातीच्या मालाला जीएसबी (ग्रॅन्युलर सब-बेस) म्हणतात. मोठ्या खडीच्या फटीत छोटी खडी आणि तिच्या फटीत कच जाऊन बसते, त्यामुळे प्लेट कॉम्पॅक्टर (थर ठोकून दाबणारं यंत्र) फिरवला की थर घट्ट होतो. त्यावर माणसं आणि ढकलगाड्या फिरल्या तरी तो हलत नाही, पातळीही नीट धरतो. उणीव एकच. बारीक कच पाणी वर खेचते. जमीन कोरडी असेल तर त्याने बिघडत नाही, पण ओलसर जमिनीवर सगळी भिस्त खडी आणि कोबा यांच्यामध्ये अंथरलेल्या प्लास्टिक कागदावर राहते.

निव्वळ खडी, म्हणजे 20 मि.मी.सारख्या एकाच मापाची, धुतलेली, याच्या अगदी उलट. फटी इतक्या मोठ्या असतात की ओल त्यातून वर चढू शकत नाही. भूजल वर असलेल्या जागी किंवा डोंगरउताराच्या पायथ्याशी मी दुसरं काही सुचवणार नाही. ‘निव्वळ खडीला दाबावं लागत नाही’ असं सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं आहे. ती फारशी खाली बसत नाही, पण यंत्र फिरवल्याशिवाय खडे एकमेकांत अडकत नाहीत. खाली चिकण माती असेल तर ती हळूहळू फटीत शिरते, म्हणून आधी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) अंथरावं. आणि चिकण मातीत खणलेल्या खड्ड्यात खडी भरून पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर तो खड्डा बूच लावलेल्या टबसारखा भरून राहतो. निव्वळ खडी निवडली की निचऱ्याचा पाइप तिच्यासोबत आलाच.

मुरूम स्वस्तात आणि लवकर मिळतो म्हणून तो सगळीकडे भरला जातो. त्याला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही, पण एका खाणीचा मुरूम दुसऱ्यासारखा नसतो. त्यातला बारीक भाग ओला करून सपाट फळीवर वळून पाहा. 3 मि.मी. जाडीची वळी न तुटता झाली, तर त्यात चिकण माती भरपूर आहे. तो पाण्यात फुगेल आणि वाळला की आकसेल. वळी आधीच भुरभुरली तर माल वापरण्यासारखा. तरीही मुरुमाची जागा खाली, जोत्यातला खोल भराव उंच करायला. वरचे 100 ते 150 मि.मी. खडीचेच असावेत.

वाळू पातळीला सोपी, पण गोल कणांची वाळू जागेवर राहत नाही, काँक्रीट ओतताना पायाखाली सरकते. तिचा उपयोग फक्त टोकदार खडीने प्लास्टिक फाटू नये म्हणून वर द्यायच्या इंचभर थरापुरता. सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, हाताने नीट रचलं तर टिकतं, पण यंत्र मिळत असताना तेवढी मेहनत कोब्यासाठी घ्यावी असं मला वाटत नाही.

राडारोड्याबद्दल सावध राहा. फोडलेल्या काँक्रीटची स्वच्छ खडी उत्तम काम देते. पण तिच्यात जिप्समचं प्लास्टर, लाकूड किंवा ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे तुकडे नकोत. जिप्सममधलं सल्फेट ओलाव्यात काँक्रीटवर परिणाम करतं आणि कोबा फुगून वर येतो. दगडही निर्दोष असतोच असं नाही. आयर्लंडमध्ये 2000 नंतरच्या दशकात बांधलेल्या अनेक घरांच्या जमिनी फुगल्या, कारण भरावातल्या दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) होतं. हवा आणि ओल मिळाल्यावर त्यातून आम्ल तयार झालं, त्याचं दगडातल्या चुन्याशी मिळून जिप्सम बनलं, आणि जिप्समला जागा जास्त लागते. शेवटी भराव उपसून काढावा लागला.

थोडक्यात निवड अशी: जमीन कोरडी, निचरा चांगला, तर मिक्स खडी. पाणी जवळ असेल तर निव्वळ खडी, कापड आणि निचऱ्यासह. भराव खोल असेल तर खाली तपासलेला मुरूम. खाली काळी माती असेल तर यातलं काहीच पुरेसं नाही. ती पुरेशी खोल काढून टाकावी किंवा अभियंत्याला विचारून वेगळा पाया घ्यावा. वरची सेंद्रिय माती आणि मुळं तर कुठल्याही परिस्थितीत काढायचीच.

प्लास्टिक कागद काँक्रीटच्या लगेच खाली. त्यावर वाळू पसरायची जुनी पद्धत मला पटत नाही, ती वाळू पाणी धरून ठेवते आणि वर लाकडी किंवा व्हिनाइलची जमीन असेल तर ती फुगते. कागदामुळे काँक्रीटचं पाणी खाली जात नाही, तेव्हा काँक्रीट कालवताना पाणी कमी ठेवा, नाहीतर कोब्याच्या कडा वर वळतात.

दाबताना एका वेळी 150 मि.मी.पेक्षा जाड थर नको. मिक्स खडी किंवा मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हात भिजू नये. 10 बाय 20 फुटांच्या खोलीत सहा इंचांचा दाबलेला थर म्हणजे 1 ब्रास (100 घनफूट). मिक्स खडी साधारण पाचवा हिस्सा बसते, म्हणून सव्वा ब्रास मागवा. निव्वळ खडीला दहावा हिस्सा जास्त धरला की पुरतं.