एक भोक चुकलं की गड्डीच जादा?

सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) पुठ्ठ्यांवरच्या भोकांतून उतरते. एखादं भोक चुकीचं पडलं तर तेवढाच धागा चुकतो, पण त्या पुठ्ठ्यावरच्या प्रत्येक चादरीत चुकतो. जनुकातलं उत्परिवर्तन (त्यातल्या मजकुरात झालेला बदल) असंच. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ११व्या गुणसूत्रावर डीएनएचं एकच अक्षर बदलतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघेही वाहक (बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेले), स्वतः ठणठणीत, तरी दर गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता २५ टक्के.

डाउन सिंड्रोममध्ये भोकं बरोबर, पुठ्ठ्यांची गड्डीच जादा: २१वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, एकूण ४७. फ्रेंच संशोधकांनी हे १९५९ मध्ये जाहीर केलं. बहुतेकदा हा स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होतानाचा अपघात असतो. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते. (सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणं फुकाचंच.)

तपासणीही वेगळी. जादा गुणसूत्र कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे पेशीतली गुणसूत्रं मोजून-मांडून पाहण्याच्या तपासणीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. सिकलसेलचं ते एक अक्षर तिथे मुळीच दिसत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी लागते.