कोझुमेलच्या एका दिवसासाठी घरून नेलेला स्नॉर्कलिंगचा संच

माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे, आणि क्रूझवर स्वतःचा स्नॉर्कलिंगचा, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्याचा, संच नेण्यामागचे खरे कारण तेच आहे. पूर्वी तारकर्लीला आणि नंतर कॅरिबियनमधल्या एका बंदरावर मी भाड्याचा मास्क लावून पाण्यात उतरलो होतो. दोन्ही वेळा चष्मा काठावर ठेवावा लागला आणि खाली काही पिवळे-निळे हलते आहे, यापलीकडे काही दिसले नाही. त्या बंदरावर तर नळीचे तोंडात धरायचे रबर आधीच्या कोणाच्या तरी दातांनी फाटलेले होते आणि मास्कचा पट्टा दर थोड्या वेळाने सुटत होता. म्हणून गेल्या जुलैत मायामीहून सात रात्रींच्या क्रूझवर निघताना आम्ही दोघांसाठी मास्क, स्नॉर्कल (श्वासाची नळी) आणि फिन्स (पोहताना पायात घालायचे पंख) घरूनच घेतले आणि मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरच्या थांब्यात ते वापरले.

मास्क क्रेसी या इटालियन कंपनीचा आहे. त्याच्या दोन्ही काचा निघतात आणि त्यांच्या जागी नंबरच्या तयार काचा बसतात. या काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात, सिलिंड्रिकल (तिरपेपणाचा) नंबर मात्र त्यात येत नाही. परंतु पाण्याखाली सपाट काचेतून सगळे सुमारे एक-तृतीयांश मोठे आणि थोडे जवळ दिसत असल्यामुळे मी उणे चारच्याच काचा घेतल्या आणि त्या पुरेशा ठरल्या. काचांसह हा मास्क मला सुमारे १२० डॉलरना पडला. चष्मा नसलेल्यांना त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात चांगला मास्क मिळतो, पण घेताना तो चेहऱ्यावर बसतो का, हे पाहिलेच पाहिजे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवावा, नाकाने हलकेच श्वास आत ओढावा, आणि हात सोडल्यावर मास्क पडला नाही तर तो आपला. मला मिशी आहे, त्यामुळे ओठावरून पाणी झिरपते. नाकाखालची बोटभर मिशी बारीक कापून तिथे सिलिकॉन ग्रीस लावल्यावर ते जवळजवळ थांबले.

आणखी एक काम घरीच उरकून घ्यावे. नव्या काचेवर कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा पातळ थर असतो, आणि तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढला नाही तर पाण्यात गेल्या गेल्या आतून वाफ धरते. माझ्या पत्नीने हे केले नव्हते आणि पहिला अर्धा तास तिचा मास्क पुसण्यातच गेला. त्यानंतर प्रत्येक वेळी उतरण्यापूर्वी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून चोळून खळखळून धुतला की पुरते.

कोझुमेलला जहाज धक्क्याला लागते, त्यामुळे छोट्या होडीची वाट पाहावी लागत नाही, आणि दक्षिणेकडचे चांकानाब उद्यान टॅक्सीने अगदी जवळ आहे. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे प्रवाळ १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षित आहे. किनारा खडकाळ असल्यामुळे पायऱ्यांवरून थेट खोल पाण्यात उतरावे लागते. रासायनिक सनस्क्रीन प्रवाळाला अपायकारक असते. ते लावून इथे उतरू नये आणि पाठ भाजू नये म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालावा. साहित्य भाड्याने घेणाऱ्यांची काउंटरपाशी रांग लागलेली असताना आम्ही तिकीट काढून सरळ पाण्यात गेलो, आणि सकाळी आलेले जहाज संध्याकाळी सुटत असताना ही वाचलेली वेळ थोडी नव्हती.

पाण्यात मान घातली आणि पहिल्यांदाच मला माशाचे दात दिसले. हिरवट निळा पॅरटफिश खडकाला तोंड लावून प्रवाळ खरवडत होता, आणि कोणी शेजारी बसून फुटाणे चावावेत तसा त्याचा करकर आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्या चोचीसारख्या तोंडावरची रेघ, कल्ल्यांजवळची गुलाबी छटा, मागे पसरलेला भुग्याचा पांढरा ढग, हे सगळे मी हातभर अंतरावरून किती तरी वेळ पाहत राहिलो. एवढ्यासाठीच मी तो मास्क पुन्हा विकत घेईन.

फिन्सबद्दल माझे मत वेगळे आहे. आम्ही नेलेल्या लांब फिन्सनी बॅगेची निम्मी जागा अडवली, त्या घालून खडकावरून चालता येत नाही, आणि पत्नीच्या टाचेला पहिल्याच तासात फोड आला. या किनाऱ्याला समांतर प्रवाह असतो, त्यामुळे फिन्स अजिबात नकोत असे मी म्हणणार नाही. पण प्रवासासाठी मिळणाऱ्या आखूड फिन्स आणि आत घालायचे पातळ मोजे एवढे पुरेसे आहे. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आम्ही मुद्दाम टाळला, कारण तो अडचणीच्या वेळी चटकन काढता येत नाही आणि नाक दाबून कान मोकळे करण्याची त्यात सोय नसते.

एक गोष्ट साहित्याची नाही, पण साहित्य सोबत असल्यामुळे माणूस पाण्यात रमतो, म्हणून सांगतो. कोझुमेल ज्या राज्यात आहे त्या किंताना रोमध्ये घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, त्यामुळे जुलैत तिथली वेळ फ्लोरिडापेक्षा एक तास मागे असते. जहाज मात्र मायामीच्या वेळेवर चालत होते आणि माझ्या फोनने धक्क्यावर उतरताच स्थानिक वेळ दाखवायला सुरुवात केली होती. मनगटावर साधे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवले होते, म्हणून आम्ही वेळेत परतलो.

परतल्यावर सगळे साहित्य केबिनच्या बाथरूममध्ये गोड्या पाण्याने धुतले आणि शॉवरवरच्या दोरीवर वाळत घातले. बाल्कनीच्या कठड्यावर काहीही टाकू नये, वाऱ्याने ते समुद्रात जाते. मास्क आणि नळ्या सकाळपर्यंत कोरड्या झाल्या. फिन्स मात्र शेवटपर्यंत वाळल्या नाहीत, आणि मायामीला उतरताना त्या ओल्याच बॅगेत भरल्या.