श्वासाची लय आणि मिशांची लय: कोण कोणाच्या तालावर?

उंदीर नवी जागा हुंगू लागला की नाक आणि मिशा एकाच वेळी हलतात. दोन्हींच्या लयी मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेममध्येच तयार होतात, पण त्यांचा दर्जा सारखा नाही.

श्वास आत घेण्याची लय प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स या पेशीसमूहातून निघते. १९९१ मध्ये त्याची ओळख पटली. (त्याच्या शेजारच्या भागाला बॉट्झिंगर हे नाव एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून पडलं. मला ही हकीकत फार आवडते.) ही लय थांबली तर प्राणीच संपला.

मिशांच्या लयीसाठी जवळच वेगळा पेशीसमूह आहे. तो चेहऱ्याच्या चेतातंतूंच्या केंद्रावर काम करतो. एका बाजूचा हा समूह निकामी केला तर त्या बाजूच्या मिशांची लयबद्ध हालचाल बंद पडते, श्वास मात्र चालू राहतो.

खरी गंमत दोघांच्या नात्यात आहे. २०१३ मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसलं, की प्रत्येक श्वास मिशांना पुन्हा समेवर आणतो. श्वास संथ असेल तर दोन समांच्या मध्ये मिशा आपल्या आपण एखाददुसरं आवर्तन घेतात. मिशा मात्र श्वासाला समेवर आणत नाहीत. म्हणून मी श्वासालाच तबलजी मानतो.

आपल्याला अशा मिशा नाहीत, पण नाकपुड्या आहेत. न्यूमोनियात धाप लागलेल्या बाळाच्या नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलतात. ते दिसलं तर डॉक्टरकडे लगेच जावं.